ओरखडासुद्धा नाही

जिन्याखालच्या त्या गाळ्यात एका वेळी दीडच माणूस मावायचं, आणि ते दीड माणूस म्हणजे बुडबुडे मास्तर आणि त्यांचं पोट. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता कुणाच्या लक्षात नव्हतं. मोबाइलवर काच बसवताना खाली हवेचा एवढासा बुडबुडा जरी राहिला, तरी मास्तर ती काच उपटून टाकायचे आणि दुसरी लावायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "असू द्या हो, दिसतही नाही." मास्तर म्हणायचे, "तुम्हाला नाही दिसत. मला झोपेतसुद्धा दिसतो." त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

काम सगळं हाताचं. आधी ओल्या कागदानं पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं, मग चिकटपट्टीनं धुळीचा कण न् कण उचलायचा, आणि शेवटी श्वास रोखून काच सोडायची. मधोमध टेकली की ती आपली आपण कडांपर्यंत पसरत जाते. तेवढा वेळ मास्तर गप्प. बाकी वेळ तोंडाचा पट्टा अखंड चालू. कव्हर विकायला बसले की समोरच्याची काय बिशाद नाही म्हणायची!

त्यांची एक खास युक्ती होती. रबरी कोपऱ्यांचं एक काळं जाडजूड कव्हर त्यांच्याकडे असायचं. ते बघून गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की मास्तर आपल्या थोरल्या भावाला फोन लावायचे आणि स्पीकर चालू करायचे. भाऊ रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, दिवसभर परांचीवर. "दादा, सांग जरा यांना, तुझ्या कव्हरचं कसं काय?" की दादा वरून, भर वाऱ्यात ओरडायचा, "अहो, बिनधास्त घ्या! तीनदा पडला, ओरखडासुद्धा नाही!" गिऱ्हाईक हसायचं आणि कव्हर घेऊन जायचं.

त्याआधी दादा फोन वर नेतच नव्हता. पडेल, फुटेल म्हणून डब्याच्या पिशवीत घालून खालीच ठेवायचा. मास्तरांनीच त्याच्या फोनला ती काच आणि ते कव्हर बसवलं, आणि वर हौसेनं सांगितलं, "आता खिशात घेऊन चढत जा. याला काही होत नाही."

फोनला खरंच काही झालं नाही. दीड वर्षापूर्वी, सकाळी पावणेबारा वाजता, एका चष्मेवाल्या बाईंना ते कव्हर पटत नव्हतं, म्हणून मास्तरांनी नेहमीसारखा फोन लावला. दादानं उचलला. "हां, बोल लहान्या." मग फळीवर पाय घसरल्याचा आवाज आला, आणि नंतर एक धप्प. कव्हर इतकं भक्कम की कॉलही तुटला नाही. पलीकडे पावलं धावली, कुणी दादाला हाका मारत होतं, कुणी ओरडत होतं, "पाणी आणा, पाणी आणा." मास्तर स्पीकरवर सगळं ऐकत उभे राहिले. बाई केव्हा निघून गेल्या, त्यांना कळलं नाही. कॉल बंद करायचंही त्यांना सुचलं नाही; शेवटी तो आपसूकच तुटला.

दादा त्यातच गेला. पाय निसटला तेव्हा तो फोनवर होता, एवढं कामावरच्या लोकांनी पाहिलं होतं. कुणाशी बोलत होता, ते कुणाला माहीत नव्हतं, कारण फोनला पॅटर्नचं कुलूप. वहिनींनी मनाशी ठरवून टाकलं, मुकादमच असणार. त्याला तासातासाला फोन करायची खोडच होती. त्याच्या दारात उभं राहून त्यांनी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. तो बिचारा पोराबाळांची शपथ घेत राहिला. मास्तर वहिनींच्या मागे उभे होते. तोंड उघडायची हीच वेळ आहे, हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि त्यांनी ते उघडलं नाही.

वहिनींनी तो फोन पुसलासुद्धा नाही. आहे तसा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला. नंबर बंद पडू नये म्हणून त्याचं रिचार्ज मात्र मास्तर न चुकता मारत राहिले.

त्यानंतर मास्तरांचं बोलणं आटलं. काळं कव्हर कुणी मागितलं की "संपलं" म्हणायचे, आणि खोका त्यांच्या पायापाशीच भरलेला असायचा. रस्त्यात कुणाच्या हातून फोन पडला, नुसता 'पट्' आवाज झाला, तरी ते जागच्या जागी थबकायचे. पण सगळ्यात वाईट म्हणजे तो श्वास रोखायचा क्षण. काच सोडायची, सगळं शांत, आणि नेमकं तेव्हाच कानाशी यायचं, "हां, बोल लहान्या." काच तिरकी टेकायची. आता त्यांच्या काचेखाली खरोखरच बुडबुडे राहू लागले होते. गिऱ्हाईक दाखवायचं, तेव्हा मास्तर म्हणायचे, "असू द्या."

परवा दुपारी वहिनी गाळ्यावर आल्या. बरोबर पुतण्या, वीस वर्षांचा, बापासारखाच काटक. वहिनींनी पिशवी सोडून फोन पुढे ठेवला. कव्हरच्या कडेला निळ्या रंगाचा ठिपका वाळून बसला होता.

"उद्यापासून हा रंगाच्या कामावर जातोय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "यांचा फोन त्याच्याजवळ असू दे. काच नवी घाला. कव्हर हेच राहू द्या, यानं एवढं सांभाळलंय."

मास्तरांनी चार्जर शोधला. त्यांनी फोन चार्जिंगला लावून चालू केला. कुलूप समोर आलं. "पॅटर्न माहीत नसेल तर सगळं पुसून नव्यानं चालू करावा लागतो," ते म्हणाले.

"म्हणजे बाबांचे फोटो?" पुतण्यानं विचारलं. "आणि ते आवाजातले मेसेज पाठवायचे, ते?"

"सगळंच जातं."

पोराचा चेहरा उतरला. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे मग. वापरता तर येईल."

झालं. मास्तरांना दुसरं काही करावंच लागत नव्हतं. वहिनींनीच परवानगी दिली होती. त्यांनी सवयीनं ओला कागद फाडला आणि फोन दिव्याखाली तिरका धरला. काचेवर दादाच्या जाड बोटाचा माग तसाच होता. वरून सरळ खाली, मग आडवा, मग एक वळण. रोज शंभर काचा बघणाऱ्या माणसाला तो वाचायला कितीसा वेळ लागणार? एकदा कागद फिरवला असता तर दादाचं बोट गेलं असतं, फोटो गेले असते, आणि त्यांचं स्वतःचं पापही गेलं असतं.

पुतण्या त्यांच्या हाताकडे बघत होता. काकांवर त्याचा लहानपणापासून विश्वास होता, काका काहीही दुरुस्त करतात म्हणून.

मास्तरांनी कागद खाली ठेवला. स्वतःचं बोट त्या मागावरून, दादाच्या बोटावरून, हळूच फिरवलं. फोन उघडला. मग त्यांनी आलेल्या कॉलची यादी काढली आणि फोन वहिनींकडे वळवला. सगळ्यात वर एकच ओळ होती. लहान्या. पावणेबारा. चार मिनिटं बारा सेकंद.

"मुकादम नव्हता, वहिनी. मी होतो. गिऱ्हाइकाला दादाचा आवाज ऐकवत होतो."

वहिनींनी ती ओळ वाचली. परत वाचली. मग त्या मागच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"काय बोलले?"

"'हां, बोल लहान्या.' एवढंच."

"वैतागले होते?"

"नाही. हसत होता."

वहिनींनी एकदा मान हलवली. मग म्हणाल्या, "त्या माणसाच्या लेकरांना मी तळतळाट दिले, भाऊजी. तुम्ही माझ्या मागं उभे होता."

"हो."

"दीड वर्ष गप्प राहिलात."

वहिनींनी फोन उचलला आणि नखं घालून कव्हर काढायला लागल्या. घट्ट बसलं होतं, निघेना. पुतण्या मदतीला आला तर त्याचा हात त्यांनी झटकला. शेवटी निघालं, ते त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात टाकलं आणि पोराला घेऊन निघून गेल्या. नव्या काचेचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाळ्यात नुसते बसून होते. पावणेबारा वाजले. पोरगा पहिल्याच दिवशी परांचीवर असणार, उघडा फोन खिशात घेऊन. फोन करून बघावं असं दहादा वाटलं, आणि दहाही वेळा त्यांनी स्वतःचा फोन लांब सरकवला. बारा वाजले, साडेबारा वाजले.

एकच्या सुमाराला फोन थरथरला. त्यावर नाव होतं, दादा.

मास्तरांनी दोन्ही हातांनी फोन उचलला आणि कानाशी नेला.

"काका, मी," पुतण्या म्हणाला. "खाली उतरलोय. जेवायला बसतोय. फोन डब्याच्या पिशवीत होता."

"बरं," मास्तर कसेबसे म्हणाले.

"आई सकाळीच मुकादमांकडे जाऊन आली. मला म्हणाली, रोज खाली उतरलास की आधी काकांना फोन कर, याच नंबरवरून. त्यांना ऐकू दे म्हणाली." तो थांबला. "काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय. रोज कर."

पोरानं फोन बाजूला ठेवला असावा. पलीकडे डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, आणि पुतण्यानं कुणाकडे तरी पाणी मागितलं. कॉल बंद करायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मास्तरांनीही तो बंद केला नाही.