फुकटचं मॉड्युलर किचन आणि आईचा पाट

मंडळी, आत्ताच घरी आलेय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

आज घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटची चावी मिळाली. घर माझं आणि आईचं, आम्ही दोघीच. नौपाड्यातून रिक्षाने गेलो. आईने मोठी पिशवी घेतलेली. मला वाटलं, पूजेचं सामान असेल.

बुकिंगच्या वेळी मी सेल्सवाल्याशी भयंकर घासाघीस केलेली. मॉड्युलर किचन फुकट, चिमणी फुकट, वर हॉलमध्ये एसी. आईने एकच गोष्ट मागितलेली, "ओटा जरा खाली घ्यायला सांग गं." ती बुटकी आहे. उंच ओट्यावर पोळ्या लाटल्या की तिचा खांदा भरून येतो.

सेल्सवाला म्हणाला, "मॅडम, उंची बदलायची तर जादा पैसे पडतील, आणि मग फुकट किचनची ऑफर नाही." मी ऑफर घेतली. आईला म्हटलं, "बघू नंतर." तिने पुन्हा विषय काढला नाही.

आज ती त्या चकचकीत ओट्यापाशी उभी राहिली, तर ओटा तिच्या कोपराच्याही वर. मी म्हटलं, "सॉरी गं आई. तोडून खाली करून घेऊ."

"वेडी आहेस का? नवं कोरं घर कुणी तोडतं का?" असं म्हणून तिने पिशवीतून आमचा जुना लाकडी पाट काढला, ओट्यासमोर ठेवला आणि त्यावर चढली. "हे बघ, पोचतोय की हात."

ती हसत होती हो. मला तिच्याकडे बघवेना.

घर घेताना तुमच्याकडे कुणी असं एकच काही मागितलेलं का? दिलंत का?

मी दिलेलं नसणार, हे आईला घरून निघतानाच माहीत होतं.