चाकाखालची लिंबं

गोवा घटक राज्य झालं त्या साली डिचोलीत आमचं गॅरेज होतं. माझे वडील खाणीचे ट्रक दुरुस्त करायचे. एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, त्यांच्याकडे पोर्तुगीज अमदानीतली आपली दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. तिचा गिअरबॉक्स खलास झाला होता. वडिलांनी तिला नव्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवला. जुन्यात जिथे पहिला गिअर पडायचा, तिथे नव्यात रिव्हर्स होता. हे त्यांनी भाटकाराला नीट समजावलं. दांड्यावरची, जुन्या गिअरांच्या जागा कोरलेली मूठ मात्र तशीच ठेवली. भाटकाराला तीच हवी होती.

खरं तर वडिलांनी आधी स्वतः गाडी फिरवून बघायला हवी होती. पण आमच्यात पूजेआधी चाक हलवायचं नाही आणि नंतर मालकानेच गाडी बाहेर काढायची. आग लागो त्या रिवाजाला!

नारळ फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. तेल गळतंय का ते बघायला वडील गाडीमागे भिंतीपाशी उकिडवे बसले आणि गाडीत बसलेल्या भाटकाराला म्हणाले, "पात्रांव, काढा गाडी."

भाटकाराचा हात सवयीने जुन्या पहिल्या गिअरकडे गेला. गाडी मागे उसळली. वडील भिंतीशी चिरडून जागीच गेले.

देवाच्या मनात होतं, असं लोक मला अजून सांगतात. देवाला कशाला मध्ये आणता?

वडिलांना नेल्यावर मी गॅरेजचं दार ओढायला गेले. गाडीपुढे दोन्ही लिंबं तशीच होती, पिवळीधमक, साधा ओरखडाही न उठलेली.