रांगेतलं एक नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं दुसरं काही लपलेलं नाही.

डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथला मेल सर्व्हर म्हणजे डोक्याला ताप. मोठ्या मेल चढल्या की सर्व्हिस अडकायची. बंद करून परत चालू करावी, तर पडद्यावर 'सुरू झाली' असं यायचं आणि लगेच परत आडवी. कधी पहिल्याच फटक्यात उठायची, कधी तासभर रडवायची. तिला उठवणं मलाच जमतं असं सगळे म्हणायचे. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

कारण मला कळलं होतं. रांगेत मेल तुंबलेल्या असल्या की जुनी सर्व्हिस लवकर बंदच होत नसे, आणि ती पुरती बंद झाल्याशिवाय नवी उभी राहत नसे. जुनीला तिचं काम संपवू द्यायचं, मग नवी चालू करायची. पण आमच्या रडतखडत चालणाऱ्या लाइनवर तेवढी वाट कोण बघणार? मी सोपा उपाय काढला. रांगच पुसून टाकायची. कुणी विचारलंच तर 'पोचली नाही? परत पाठवा' म्हणायचं. शिवाय पाठवलेल्या मेलची प्रत कुणाकडे राहू नये अशी सोयही मीच केली होती, डिस्क भरते म्हणून.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी ती अशीच आडवी झाली. ऑफिस रिकामं होत होतं. इब्रामपूरला घरी माटोळी बांधायची राहिली होती — गणपतीच्या वर रानफळांनी सजवून टांगतात ती लाकडी चौकट — आणि घरात ती बांधणारा मी एकटा. सामान टेबलाखाली पिशवीत होतं: सुपारीचा कातरो म्हणजे घड, आंबाडे, कांगलांची रानफळं. सगुणदादांनी आणून दिलेलं. ते लाटंबार्स्याचे, खाणीवर फोरमन. दरवर्षी माझ्यासाठी रानातून आणायचे, न मागता.

मी रांग पुसली आणि घरी गेलो.

चवथ झाल्यावर, सगुणदादा अजून रजेवर असताना, पंप चालू करायला विश्राम खाली खड्ड्यात उतरला. दोडामार्गकडचा पोरगा, नुकतं लग्न झालेला. वरची दरड सुटली ती त्याच्या अंगावर. बाहेर काढला तेव्हा काही उरलं नव्हतं.

चौकशीत सगुणदादा म्हणाले, दरडीला भेग दिसली होती, खाली कुणाला उतरवू नका अशी मेल मी रजेआधीच केली होती. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे चालत नसे, सगळं मेलवर, असा साहेबांचा हुकूम होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सर्व्हर व्यवस्थित होता, अशी मेल आली नाही. सगुणदादांची नोकरी गेली. नोकरीचं सोडा — विश्रामच्या घरी भेटायला गेले, तर त्यांना कुणी दारात उभं केलं नाही.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, घाईत झालं, रांगेत काय आहे ते याला काय ठाऊक? मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण — पुसण्याआधी मी रांग उघडून पाहिली होती. सगुणदादांचं नाव होतं. पुढे विषय होता: 'पंपाकडे भेग, तातडीचे'. मी तो वाचला. वाटलं, एवढी तातडी असेल तर परत पाठवतील. आणि मेल पुसली.

पुढच्या चवथीला ते इब्रामपूरला आले. हातात पिशवी, नेहमीसारखीच. ओसरीवर बसले, चहा घेतला. मग खाली बघत विचारलं,

"बाबू, ती मेल खरीच पोचूक नाय रे?"

"नाय, दादा."



"मगे बटण मियाच दाबूक नाय," ते म्हणाले.

मरेपर्यंत ते हेच धरून होते — मेल आपल्याच हातून राहिली, विश्राम आपल्यामुळे गेला. खरं सांगायला मला काय जड होतं? माझी नोकरी पक्की होती, चौकशी केव्हाच मिटली होती. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मला फक्त लाज वाटली. आणि त्यांच्या जिवापेक्षा मी माझी लाज जपली.

त्या दिवशी ते ओसरीवरून निघून गेल्यावर मी पिशवी उघडली. कातरो, आंबाडे, कांगलां काढून घेतली आणि माटोळी बांधली.