दुपट्ट्याखालचं उत्तर

सडक-अर्जुनी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. शेजारच्या वर्गात गणिताचे सर. त्यांच्याकडे शाळेतला एकुलता एक चालू कॉम्प्युटर होता, आणि त्यात भूमितीचं एक सॉफ्टवेअर. काटकोन त्रिकोण काढून काटकोनाच्या दोन बाजूंना आकड्यांऐवजी अक्षरं दिली, की ते कर्णावरच्या उंचीचं सूत्रच मांडून दाखवायचं.

सर मात्र बटण दाबता दाबताच गळ्यातला दुपट्टा पडद्यावर टाकायचे. "मशीनले येते. तुमाले येते का, ते पाहू." पोरांनी वहीत सूत्र काढेपर्यंत तो दुपट्टा हलत नसे, मग लाइट जायची वेळ होवो की सुट्टीची.

एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा एक पोरगी फळ्यापाशी सूत्र काढत होती. "कॉम्प्युटर झाकून का ठेवलाय?"

"पोरगी अजून करून राहिली, साहेब. बसा."

साहेब बाकावर बसले. मी दारातून पाहत होतो.

पोरीने फळ्यावर उत्तर लिहिलं, सरांनी दुपट्टा उचलला. पडद्यावर वेगळंच काहीतरी होतं. साहेब हसले, "चुकलं की!"

सरांनी खडू परत तिच्या हातात दिला. मशीनने छेदात वर्गमूळ तसंच ठेवलं होतं. सरांच्या वर्गात ते छेदातून घालवल्याशिवाय उत्तर पुरं होत नसे. दोन ओळींत तिने दोन्ही उत्तरं एकच असल्याचं दाखवलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तोवर सरांनी पडद्यावर नवा त्रिकोण काढून त्यावर दुपट्टा टाकलाही होता. खडू साहेबांपुढे धरून ते म्हणाले, "आता तुमी."