दर रविवारची साक्ष

"उभी राह्य ना वं! साक्ष दे! पाहुणे पुसदवरून आले तुह्यासाठी!"

ओरडत होती आमच्या चर्चच्या मंडळीतली थोरली बाई. कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा बंद पडला तर हिला गच्चीवर उभी करावी, असा आवाज.

जिच्यावर ओरडणं चाललं होतं ती सतरंजीवर माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेली. दिग्रसच्या स्टँडमागच्या वस्तीतली. तिथल्या बायांचा धंदा सगळ्या गावाला ठाऊक. तिकडे कधीच न गेलेल्या पुरुषांना तर घरनंबरासकट. आमच्या धर्मगुरू, पाळकबाई, स्वतः जाऊन तिला चर्चमध्ये घेऊन आल्या. पहिल्या दिवशी आम्ही असं स्वागत केलं की आमदारानं जळून खाक व्हावं. मिठ्या मारायला बायांची रांग!

आमच्यात नव्या माणसानं एकदा उभं राहून साक्ष द्यायची असते. आधीचा अंधार सांगायचा, मग प्रभूनं हात कसा धरला ते. माझ्या साक्षीत नुसता हिवताप होता. सांगता सांगता मी तीनदा मरून उठले, तरी लोक जांभया देत होते. ती मात्र खरं बोलली आणि सतरंज्या भिजल्या. म्हणून पुढच्या रविवारी परत. बोरी अरबचे पाहुणे आले, परत.

तिला हवं होतं वेगळंच. उपासना संपली की बाया मागच्या अंगणात जेवण रांधतात. एकदा मला हळूच म्हणाली, "ताई, मले तुमच्यात कांदे चिरायले बसवा ना."

मी थोरलीला विचारलं. ती कळवळून म्हणाली, "तिले कायले राबवता? पाहुणी हाये ते आपली!"

पुसदचे पाहुणे आले त्या दिवशी ती उठली. म्हणाली, "आज गाणं म्हनू का?"

"गाणं मंग! आधी साक्ष!"

तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, पदर सावरला आणि सरळ दाराबाहेर गेली. मी इतकी बडबडी, गाढवालाही बोलतं करीन. पण तेव्हा मी गाण्याचं पुस्तक उघडून बसले. वाटलं, येईल परत. ते वाटणं अजून सलतं.

दोन रविवार ती आली नाही, तेव्हा पाळकबाई आणि मी वस्तीत गेलो. ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. पाळकबाईंनी हात जोडले. "चुकलं वं आमचं. आता कोणी तुले काही सांगाले लावणार नाही. येशील ना रविवारी?"

तिनं चादर झटकली.

"रविवारी मले काम असते."