आईवर हात टाकणाऱ्याचं राशन

माझी मोठी बहीण गावातच दिलेली. तिला मी बाई म्हणतो. माझं दार अन् तिची ओसरी यांच्या मधात एक रस्ता, बस. त्यामुळे तिच्या पाठीवर पडलेली काठी मला घरात बसल्या बसल्या ऐकू यायची. गादी झोडपली तर आवाज फुसका येतो, माणूस झोडपला तर ओला येतो. तो ओला आवाज मी तिच्या लग्नापासून ऐकत आलो. आधी नवरा मारायचा. तो मेला, आम्ही त्याला जाळून आलो, अन् मी म्हटलं, सुटली बाई. वर्ष पालटायच्या आत पोरानं काठी उचलली. वावरासोबत मायही वारसानं त्याच्या नावावर चढली होती जशी काही.

भाजीत मीठ जास्त झालं, मार. कमी झालं, मार. बैल उशिरा घरी आला, तरी बैलाला नाही, हिलाच मार.

तुम्ही म्हणाल, तू भाऊ ना, मग तू काय करत होता? तर आमच्यात भाचा म्हणजे देव. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, मग तो पाळण्यातला का असेना. अन् भाच्यावर ज्या मामानं हात उचलला त्याचा हात मरेपर्यंत कापतो, घास तोंडापर्यंत जात नाही. हे मी शाळेत शिकलो नाही, शाळेत मी गेलोच किती! पण घरातलं शिकलेलं शाळेतल्यापेक्षा घट्ट बसते. म्हणून मी रस्त्यात उभा राहून ओरडायचो. नुसता ओरडायचो. भाचा ओसरीवर येऊन दात काढायचा.

"मामा, मामासारखे राहा. पाया पडा अन् घरी जा."

अन् गावासमोर मी कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही तो मी, घरी जायचो.

मग ती कायद्याची बातमी आली. पानठेल्यासमोर आमचं बाकडं आहे, तिथं पानठेलेवाल्यानं मोबाईलवर वाचून दाखवली. सरकार नवा कायदा आणणार. आईबापावर हात टाकेल त्याला सरळ आत टाकणार, लवकर जामीन नाही. अन् त्याच्या घरचं कंट्रोलचं, म्हणजे राशनचं धान्य, घरकुल, जे जे सरकारकडून फुकट मिळते ते सारं बंद.

माझा एक जुना दोस्त आहे. आम्ही दोघं लहानपणी सोबत ढोरं चारायचो. तो बौद्ध पुऱ्यातला, जऊळक्याच्या टेशनावर नोकरी करून आता पेन्शनीत बसला आहे. तो म्हणाला, "घ्या! मायले मारू नये हे आता सरकारनं सांगाव लागते."

"सांगाच लागते," मी म्हटलं. "तुह्या-माह्या सांगण्यानं कोणी आयकून राह्यलं काय?"

"अन् मारलं एकानं तं राशन साऱ्या घराचं काहून बंद? बुढीही त्याच घरात जेवते ना बे?"

"धाकाले लागते ते."

"तुहा धाक तं तुह्या कुत्र्यालेही नाई," तो म्हणाला, अन् सारं बाकडं हसलं.

आमच्या गावाची एक खोड आहे. सरकार काही देणार म्हटलं तर हातात पडेपर्यंत कोणी खरं मानत नाही. काही काढून घेणार म्हटलं की ते उद्या सकाळपासून सुरूच झालं असं धरून चालतात. मीही तसाच धरून चाललो. तडक भाच्याच्या गोठ्यात गेलो.

"आता मारून पाह्य मायले," मी म्हटलं. "कायदा आला. तू जेलात जाशीन, अन् घरात कंट्रोलचा दाणा येणार नाई."

बैलाच्या पाठीवरचा त्याचा हात तिथंच राहिला. मी छाती काढून बाहेर आलो. काही दिवस रस्त्यापलीकडून आवाज नव्हता. बाकड्यावर मी सांगत सुटलो, की माणसाला काठी लागत नाही, कायदा सांगता आला पाहिजे.

पण भाचा तिकडे बसून इचार करून राह्यला होता, की मामाला कायदा कोणी सांगितला? मायनंच. माय जाऊन कुठं बोलली असेल. एका दुपारी त्यानं घराचं दार आतून लावलं. मी बाहेरून दारावर लाथा घातल्या, दगड घातला, दार सागाचं होतं. आतून फक्त तो ओला आवाज, अन् त्याचं एकच बोलणं, "कोणाले सांगतलं? सांग, कोणाले सांगतलं?" दार उघडलं तेव्हा बाईचा समोरचा दात ओट्याखाली पडलेला होता अन् कानातून रक्त गळ्यावर आलं होतं. सून कोपऱ्यात आपल्या दोन्ही पोरींची तोंडं पदरात दाबून बसली होती.

मी बाईला आटोत टाकून ठाण्यावर नेलं. जमादार माणूस बरा होता. त्यानं पाणी दिलं. मी म्हटलं, नव्या कायद्याखाली घ्या याला. तो म्हणाला, "बाबा, तो कायदा अजून झाला नाई. मसुदा हाये. सभागृहात जाईन, चर्चा होईन, मंग पाहू. पण त्याच्यावाचून काय अडलं? मायले मारणं आजही गुन्हाच हाये. आजीनं फक्त सांगाव." मग तो बाईकडे वळला. "आजी, कोणं मारलं?"

"पडली," बाई म्हणाली.

"कशावर?"

"ओट्यावर."

"अन् कान?"

"तोही ओट्यावर."

येताना आटोत मी तिला काय नाही ते बोललो. ती तोंडावर पदर धरून ऐकत होती. गाव दिसायला लागलं तेव्हा बोलली, तिचे शब्द दात नव्हता तिथून हवा निघावी तसे निघत होते.

"कायदा तूच आनला ना घरात? राशन बंद होते, तूच म्हनला ना? मंग मी कशी बोलू? सून कंट्रोलच्या तांदळावर दिवस काढून राह्यली. माह्या एका दातापाई त्या पोरीयच्या ताटातलं जाऊ देऊ?"

"अव तो झालाच नाई अजून! जमादार काय म्हनला?"

"आज नाई झाला, उद्या होईन. मंग माहं आजचं बोललेलं काढतीन."

ज्यांनी तो मसुदा केला ते काही वाईट लोक नसतील. पण मारका बैल राहिला बाजूला, अन् मुसकं बांधलं गाईच्या तोंडाला. दोस्तानं बाकड्यावर तेच विचारलं होतं, मी हसण्यावारी नेलं. आत टाका, फटके मारा, माझं काही म्हणणं नाही. ताटाला हात लावू नका. ताटाला हात लावला की आई बोलत नाही.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतो अन् त्याच्या कानात सांगतो, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही, अंगावर काठी नाही. बैल हाकायची खिळा ठोकलेली काठी, आम्ही तिला तुतारी म्हणतो, ती त्या दिवशी छपराच्या वळचणीत खोचून ठेवतात. दारुड्यातला दारुडाही त्या दिवशी बैलावर काठी उचलत नाही.

भाचा सकाळपासून पिऊन होता. पोळा फुटला, जोड्या घरोघर निघाल्या, त्याची जोडी त्याच्या दारात आली. बाई ताट घेऊन बैलाचे पाय धुवायला वाकली. तितक्यात कोणी तरी फटाका लावला. बैल बिचकला, ताट उडालं, पुरणपोळी चिखलात अन् दिवा बाईच्या लुगड्यावर. भाच्यानं वळचणीतून तुतारी उपसली. लोक ओरडले, "आज नाई! आज बैलाले नाई!"

"बैलाले कोण मारते?" तो म्हणाला, अन् खिळ्याच्या बाजूनं बाईच्या दंडावर ओढली.

मांस उघडं पडलं. बैल बाशिंग बांधून, झूल पांघरून तिथंच उभा. लोक नैवेद्याची ताटं हातात घेऊन उभे. बाई दंड धरून खाली बसली.

माझ्या दारापुढं माझी बैलबंडी होती. तिच्या कडेची उभारी, मनगटाएवढं बाभळीचं लाकूड, मी उपसली अन् रस्ता ओलांडला. पहिला दणका त्याच्या तुतारीच्या हातावर. सुकी तुराटी मोडावी तसं हाड मोडलं, साऱ्यांनी ऐकलं. दुसरा खांद्यावर. तो चिखलात पडला अन् म्हणाला, "मामा!"

"म्हण," मी म्हटलं, "अजून म्हण," अन् पाठीवर घातला. मग कमरेवर. किती घातले मला ठाऊक नाही. मागून माझ्या दोस्तानं कवळा घातला. "मरते ना बे तो! सोड!" मी त्यालाही झटकला. मग बाई आली अन् पोराच्या अंगावर आडवी पडली. तिच्या दंडातलं रक्त त्याच्या नव्या सदऱ्यावर गळत होतं.

"मार आता मले," ती म्हणाली.

मी थांबलो. उभारी हातात तशीच, अन् हात मी निरखून पाहिला. कापत नव्हता. तेवढ्या वर्षांचं माझं ओरडणं कोणत्या खोट्यापायी गेलं, ते मला त्या चिखलात समजलं.

गुन्हा माझ्यावर लागला, लागायचाच. तोच जमादार. "बाबा, काहून मारलं ते सांगा. तुमच्याच कामात पडन."

"मारलं. लिहा," मी म्हटलं. "काहून ते तिले इचारा."

बाई दंडाला पट्टी बांधून बाजूला बसली होती. "माह्या भावानं माह्या पोराले मारलं," ती म्हणाली.

"अन् हा दंड कायनं फाटला?"

"बैलाचं शिंग लागलं."

पोळ्याच्या दिवशी बैलावर आळ! मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत नव्हती. दोस्त जामीन राहिला, त्याच संध्याकाळी मी घरी आलो अन् तिच्याकडचं दार लावून घेतलं. ती वाशीमच्या दवाखान्यात पोरासोबत राहिली. घरी आणल्यावर ओसरीवर बसून त्याला आपल्या हातानं घास भरवायची, फटीतून मला दिसायचं. ती मेली तरी मी तिच्या दारी जाणार नाही, असं मी बाकड्यावर सांगितलं.

"तू काही म्हन," दोस्त म्हणाला, "बुढीले तुह्यानं आराम हाये. हात प्लास्टरात हाये तवर."

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली होती तेव्हा एका दुपारी दार वाजलं. बाई. काखेत गाठोडं.

"चूल कुठी मांडली हाये तुही?"

"तुले कायले पायजे?"

"बायको मेल्यापासून तूच जाळते ना भाकरी? सर तिकडं." ती आत आली, गाठोडं ठेवलं, चुलीपुढं बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "सकाळी त्याचं प्लास्टर निघालं. जेवून झाल्यावर मूठ मिटून पाह्यली त्यानं. उघडली, मिटली. माह्याकडं पाहत."

दिवस बुडायच्या आत तो आला. "माय, घरी चाल."

मी उभारी घेऊन दारात उभा राहिलो. "पाय टाक. दुसरा हात राह्यला हाये तुहा."

त्यानं पाय टाकला नाही, दगड टाकला. माझं कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त आलं, मी उंबऱ्यावर बसलो. तो माझ्यावरून आत येतच होता. बाई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उठली अन् त्याच्या तोंडापुढं धरलं, इतकं जवळ, की मिशीचा जळका वास आला.

"मांग सर."

"माय!"

"मांग सर म्हनलं ना! उद्या ठाण्यात जाईन. तुह्या बापाचं सांगीन, तुहं सांगीन, सारं सांगीन."

"राशन बंद होईन. पोरी उपाशी मरतीन तुह्या."

"पोरी इथं जेवतीन. रस्ता ओलांडाले कायदा लागत नाई. तू काय खाशीन ते तू पाह्य."

लाकडातून निखारा त्याच्या पायावर पडला. तो उड्या मारत मागं गेला, शिव्या देत रस्ता ओलांडून गेला.

सकाळी ती निघाली. मी म्हटलं, मी येतो.

"तू येऊ नको. तू जमादारावरही हात टाकशीन."

आटो थांबला तेव्हा समोरच्या घरातून सून निघाली. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् बाईच्या बाजूला बसली. भाचा ओसरीवर उभा होता. आटो वळेपर्यंत दोघींपैकी एकीनंही त्याच्याकडे पाहिलं नाही.

उन्हं उतरता दोघी परत आल्या. मी कपाळाला फडकं बांधून दारातच बसून होतो.

"काय झालं?"

"लिहून घेतलं."

"माहं नाव घेतलं?"

"घेतलं. तू मारलं तेही सांगतलं, काहून मारलं तेही सांगतलं." तिनं लुगड्याचा काष्टा खोचला. "आता उठ उंबऱ्यावरून. पोरी आल्या जेवाले, त्यायले आत येऊ दे."