कॅन्सरचे पेढे

सोलापूर जिल्ह्यात तंबाखूला माझ्या बायकोच्या मामांइतका कडवा वैरी दुसरा झाला नसेल. एसटीत कंडक्टर होते तेव्हा ते प्रवाशाला आधी सांगत, "तोंड मोकळं करा, मग गावाचं नाव सांगा." मंगळवेढ्याच्या एका नेहमीच्या प्रवाशाचा मावा म्हणे या जाचापायीच सुटला. पूजेत गणपती म्हणून मांडलेल्या सुपारीला मामा मनोभावे नमस्कार करत, पण विसर्जन झालं की ती घरात क्षणभर ठेवू देत नसत. एका लग्नात व्याह्यांच्या खिशात पुडी दिसली म्हणून हा माणूस जेवणाच्या पंगतीतून उठून आला होता, आणि पुढ्यात गरम जिलेबी होती!

अशा माणसाला दाढी करताना मानेवर गाठ लागली आणि घशाचा कॅन्सर निघाला. दुखण्यापेक्षा त्यांना गल्लीच जास्त बोचली. जो तो म्हणे, "लपून खात असणार की!" मामा दारात उभं राहून शपथा घेत, लोक समजूतदारपणे माना हलवत आणि मुळीच विश्वास ठेवत नसत.

डॉक्टरांनी गाठीच्या तुकड्यावर आणखी दोन तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट आला तेव्हा मी सोबत होतो. एचपीव्ही नावाचा विषाणू पॉझिटिव्ह होता. "म्हणजे तंबाखूचा न्हाय?" मामांनी तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचा हा विषाणूमुळे झालेला. याला उपचार बहुधा चांगले लागू पडतात." दुसरी तपासणी पीडी-एल-वन नावाच्या खुणेची. ही खूण दाखवून गाठीतल्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना थोपवून धरतात, असं त्यांनी समजावलं. मामा उसळले, "बोगस पास की हो हा!" डॉक्टर हसले. त्या खुणेवर चालणारं औषध आहे, पण ते पुढं लागलं तर. आधी किमो आणि रेडिएशन.

परतताना मामांनी पेढे घेतले. कॅन्सरचे पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. "व्हायरस हाय, तंबाखू न्हाय!" असं दारोदार सांगत चालले होते. तेवढ्यात एका शेजाऱ्यानं फोनमध्ये बघून सगळ्यांदेखत वाचलं, "हा शरीरसंबंधातून येतो म्हणं." कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी पेढ्यांचा पुडा तिथल्याच कट्ट्यावर ठेवला आणि घरात गेले.

ते बाहेर येईनात. रेडिएशनलाही नाही म्हणाले. मी गेलो तर भिंतीकडं तोंड करून पुटपुटले, "जावईबापू, हिच्याशिवाय कुणाला हात लावला न्हाय मी. पण आता हिला कसं पटणार? मरू द्या तसंच."

मामी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्या मुळात चार शब्दांच्या बाई. पिठाच्या हातानंच दारात आल्या. "उद्या दवाखान्यात मी येते," म्हणाल्या आणि तव्याकडं परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर सावरून डॉक्टरांना सरळच विचारलं, "हे कुणाकडनं येतं?" डॉक्टर म्हणाले, "हा विषाणू फार लोकांना होऊन जातो, त्यांना कळतही नाही. वर्षानुवर्षं अंगात गप बसतो. नवऱ्याकडून बायकोला येतो, बायकोकडून नवऱ्याला. कुणाकडून आला, हे कोणीच सांगू शकत नाही. यात दोष कुणाचा नाही."

"मग माझ्याकडनंच आला म्हणा," मामी म्हणाल्या. "झालं? आता ती मशीन कुटं हाय?"

मामा तिथंच खुर्चीत रडले.

उपचार सोपे नव्हते. तोंड कोरडं पडलं, चव गेली, मामा निम्मे झाले. आता गाठ दिसत नाही. तपासणीला मात्र जात राहायचं आहे. परवा दवाखान्याच्या वाटेवर दोघं मला दिसले. इतकी वर्षं मामी स्कूटरवर मागची दांडी धरून बसायच्या. परवा भर चौकात त्यांचा हात मामांच्या खांद्यावर होता. मागून रिक्षावाले भोंगे वाजवत होते आणि मामा गाडी अगदी हळू, उगीचच हळू चालवत होते.